अजून थोडा

१

मिस्त्रींच्या गॅरेजात बाकीच्या कामांना एक माणूस पुरायचा, ब्रेकला मात्र दोन लागायची. हा मिस्त्रींचा कायदा होता आणि त्यात गिऱ्हाइकाची घाई, पाऊस, ताप, काही म्हणजे काही चालायचं नाही. चाकामागे लोखंडी तबकडी असते, तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा कॅलिपर असतो आणि तो कॅलिपर दोन बोल्टांच्या भरवशावर उभा असतो. ते बोल्ट सैल राहिले तर गाडी थांबत नाही. जास्त आवळले तर आज थांबते आणि उद्या थांबत नाही. म्हणून मिस्त्री टॉर्क पाना वापरायचे. पान्यावर आकडा लावायचा, ओढायचं, हवा तेवढा जोर झाला की पाना ‘टक’ करतो, आणि हात तिथल्या तिथे थांबवायचा.

टक झालं की मिस्त्री म्हणायचे, “लागला.”

चाकाच्या पलीकडे बुटक्या स्टुलावर मिस्त्रीणबाई लाल रंगाची बाटली घेऊन बसलेल्या असायच्या. त्या वाकून बघायच्या, बोल्टाच्या डोक्यावरून कॅलिपरपर्यंत एक बारीक रेघ ओढायच्या, म्हणजे पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी. मग म्हणायच्या, “बघितला.” ते ऐकल्याशिवाय मिस्त्री दुसऱ्या बोल्टाला हात लावत नसत. शेजारच्या दुकानातला पार्टवाला चिडवायचा, “तुम्ही दोघं घरात भांडताना पण असंच पाळीपाळीने बोलता का हो?”

मिस्त्रीणबाईंचा स्वभाव मात्र या कामाच्या अगदी उलटा होता. त्यांना कुठलीच गोष्ट पुरेशी घट्ट वाटायची नाही. कुलूप लावून तीनदा ओढून बघायच्या. बरण्यांची झाकणं अशी फिरवायच्या की घरात दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडता यायची नाहीत. मुलगी, ठकी, शाळेत जायची तेव्हा तिच्या वेण्या इतक्या ताणून घालायच्या की पोरीच्या भुवया वर जायच्या. ब्रेकच्या कामातही त्यांचा जीव राहायचा नाही. “अहो, अजून थोडा ओढा की.”

“तुटेल, बाई.”

मिस्त्रींनी त्यांना किती वेळा समजावलं होतं. आवळला की बोल्ट केसभर ताणला जातो आणि त्या ताणावरच तो धरून राहतो. त्यापुढे ओढलं की त्याचा जीव जातो. हाताला मऊ लागतो. बघणाऱ्याला वाटतं अजून बसतोय, पण ज्याच्या हातात पाना आहे त्याला कळतं की गेला. हे ऐकून मिस्त्रीणबाई “तुमचं आपलं काहीतरीच” म्हणायच्या आणि रेघ ओढायच्या.

मागच्या थंडीत त्या गेल्या. साधा खोकला म्हणून सुरू झालेलं दुखणं छातीत उतरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी ठकीचा हात धरला होता. त्या गेल्यावर तो हात सोडवायला नर्सला एकेक बोट उलगडावं लागलं. ठकीच्या मनगटावर बरेच दिवस वळ होते आणि ती ते बाहीखाली झाकून हिंडायची.

२

त्यानंतर मिस्त्री एकटेच ब्रेक करू लागले. रेघ स्वतःच ओढायचे. ‘लागला’ मात्र तोंडातून जायचंच. म्हटलं की क्षणभर थांबायचे, मग घसा खाकरून कामाला लागायचे. माणसाची सवय म्हणजे खोडच ती, जायला वेळ लागतो.

एका दुपारी एका टॅक्सीचं पुढचं चाक काढलेलं होतं. ऊन दारातून आत येऊन जॅकपर्यंत पोचलं होतं. पाना वाजला, मिस्त्री म्हणाले, “लागला.”

“बघितला.”

आवाज चाकाच्या पलीकडून आला, स्टुलाच्या उंचीवरून. मिस्त्री पाना तसाच धरून बसले. मग उठून पलीकडे गेले. स्टूल भिंतीला लावलेलं होतं, त्यावर चिंध्यांचा ढीग होता. बाहेर पार्टवाल्याचा रेडिओ चालू होता आणि रेडिओवर कुणीतरी बाई बोलत होती. ‘रेडिओच असणार,’ मिस्त्रींनी स्वतःला बजावलं आणि दुसरा बोल्ट लावला. 

दुसऱ्याही बोल्टाला उत्तर आलं.

मिस्त्री काही भोळसट माणूस नव्हते. इंजिनातला आवाज नक्की कुठून येतोय हे कान लावून सांगणं हा त्यांचा धंदा होता. त्यांनी पार्टवाल्याला रेडिओ बंद ठेवायला लावला. पंखा बंद केला. आवाज येतच राहिला, फक्त ब्रेकच्या वेळी आणि फक्त ‘लागला’ म्हटल्यावर. आठवड्याभरात त्यांनी कारण शोधणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर त्यांना कारण सापडायला नको होतं. दुपारी त्या एका शब्दासाठी त्यांचा जीव आसुसलेला असायचा. तेल बदलायला आलेल्या गाड्यांचीही ते चाकं काढू लागले. “ब्रेक एकदा बघून घेतो,” म्हणायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री म्हातारपणी जास्तच काळजी घेतायत.

ठकीला त्यांनी काही सांगितलं नाही. पोर आधीच वाळून गेली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, सकाळी उठायची ती रात्रभर कुस्ती खेळल्यासारखी. त्यातच तिला डोंगरापलीकडच्या शहरात नोकरी लागली. घरची जुनी गाडी घेऊन ती एकटीच जाणार होती. सगळा रस्ता उताराचा आणि वळणांचा. गाडी बापाने तयार करून द्यायची, एवढं ठरलं होतं.

३

मग एक दिवस पाना वाजला, मिस्त्री ‘लागला’ म्हणाले आणि पलीकडून आवाज आला, “अहो, अजून थोडा.”

मिस्त्रींना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. अगदी तीच. मेली तरी बोल्टावर विश्वास नाही. सवयीने ते म्हणणार होते, ‘तुटेल, बाई.’ पण शब्द ओठावरच राहिला. नाही म्हटलं आणि ती परत बोललीच नाही तर? त्यांनी पाना पुन्हा बसवला आणि टकच्या पुढे जरासं ओढलं.

“बघितला,” ती म्हणाली. त्या आवाजात इतकं समाधान होतं की मिस्त्रींनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

तेव्हापासून तसंच चाललं. आधी एकदा ‘अजून थोडा’, मग दोनदा. ठकी एकदा चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. “बाबा, तो पाना एकदाच वाजवायचा असतो ना? तुम्हीच शिकवलंय.”

“जुना झालाय पाना,” मिस्त्री म्हणाले. “खात्री करून घेतोय.”

ठकीने चाकाच्या पलीकडे, भिंतीकडे पाहिलं.  चहा ठेवून ती निघून गेली.

४

शाळेतल्या बाई गाडी घेऊन आल्या त्या घामाघूम होऊन. “मिस्त्री, ब्रेक दाबला की खालून धाडकन आवाज येतोय हो. मागे नातू बसला होता माझा.”

मिस्त्रींनी चाक काढलं. कॅलिपरचा खालचा बोल्ट मानेतून तुटून गेला होता, वरच्या एकट्याच्या जिवावर कॅलिपर लटकत होता. वरच्या बोल्टावर मिस्त्रींनी स्वतः ओढलेली लाल रेघ जागच्या जागी होती. म्हणजे बोल्ट फिरून सैल झालेले नव्हते. खालचा जास्त आवळल्यामुळे मेला होता. राहिलेला तुकडा त्यांनी बोटांत धरला. मान मेणबत्तीसारखी ओढली जाऊन बारीक झाली होती.

“काय झालं हो?” बाईंनी विचारलं.

“माझी चूक,” मिस्त्री म्हणाले. बाईंना वाटलं, मोठेपणाने म्हणतायत.

त्यांनी पाना तपासायला पाठवला. मनातून त्यांची फार इच्छा होती की पाना खोटा निघावा. खोटा पाना दुरुस्त करता येतो. पण तपासणाऱ्याने पाना परत पाठवला तो, एकदम बरोबर आहे, असं सांगून. मग मिस्त्रींनी गेल्या काही महिन्यांतल्या सगळ्या गाड्या एकेक करून परत बोलावल्या आणि बोल्ट बदलले. पार्टवाला म्हणाला, “परत बोल्ट? तळून खाता की काय?” मिस्त्रींना हसू आलं नाही. प्रत्येक नवा बोल्ट त्यांनी तोंड मिटून लावला. ‘लागला’ म्हणाले नाहीत, त्यामुळे पलीकडून कुणी बोललंही नाही. त्या शांततेत काम करताना आपण तिला हाताने दाराबाहेर ढकलतोय असं त्यांना वाटत होतं.

५

ठकी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तिची गाडी घेतली. नवे पॅड, नवी तबकडी, नवे बोल्ट. दार उघडं, रस्त्यावर माणसांची ये-जा, सगळीकडे लख्ख उजेड. तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच ते बसले होते.

पाना वाजला.

“लागला?” पलीकडून प्रश्न आला.

आजवर तिने आपणहून कधी विचारलं नव्हतं.  त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि रंगाची बाटली उचलली.

“अहो, लागला का? ठकी चाललीय.” मग अगदी काकुळतीला येऊन, दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आवाजात, “अहो. अजून थोडा. माझ्यासाठी.”

त्यांचा हात पान्यावर गेला. खोटं कशाला सांगा, गेलाच. बोटांनी मूठ धरली, दंडात जोर आला, बोल्ट आता जरा हलेल अशी वेळ आली. चाकाच्या पोकळीतून पलीकडची फरशी दिसत होती. स्टुलावर चिंध्या नव्हत्या. स्टूल चाकाजवळ होतं. ते त्यांनी आणलेलं नव्हतं.

डोळ्यांसमोर ती मेणबत्तीसारखी ओढलेली मान आली. आणि डोंगराचा उतार. आणि त्या उतारावर त्यांची पोर.

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “तुटेल, बाई. आता नाही. जा तू.”

 पलीकडे स्टूल घासल्याचा आवाज आला, कुणी उठताना येतो तसा. मिस्त्रींनी रेघ ओढली, उरलेले बोल्ट बरोबर आकड्यावर लावले, चाकं चढवली. मग गाडीच्या बंपरला टेकून जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून रडले. बायको एकदा गेली होती, आता त्यांनी घालवली होती.

६

सकाळी ठकीचं सामान डिकीत भरून झालं. ती गाडीत बसली, इंजिन चालू केलं. मिस्त्री गॅरेजच्या दारात उभे होते. ब्रेक चोख होते. जीव टांगणीला लागावा असं काही उरलं नव्हतं. त्यांनी सवयीने गाडी समोरून न्याहाळली आणि त्यांची नजर अडकली.

गाडी एका बाजूला कललेली होती. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, पण गाडीत किती माणसं आहेत हे मिस्त्री नुसत्या स्प्रिंगांवरून सांगायचे. ठकीच्या शेजारची सीट रिकामी होती आणि गाडी त्या बाजूने दबलेली होती. फार नाही. एका बारकुड्या, आजारातून उठलेल्या बाईच्या वजनाइतकी.

“हो, लावला,” ठकी हळूच म्हणाली.

“कुणाला म्हणालीस?”

ठकीने बापाकडे पाहिलं. एका हाताने ती सीटबेल्टचा पट्टा गळ्यापासून दूर ओढून धरत होती आणि पट्टा तिच्या बोटांखालून परत आवळत होता. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, दमलेला होता.

“तुमच्याशीही बोलते ना ती?” ठकी म्हणाली. “मला माहीत होतं. मला रोज रात्री पांघरूण घालते. कडा गादीखाली खोचते, सगळ्या बाजूंनी. इतकं घट्ट की हात हलत नाहीत. थंडी लागेल म्हणते.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “मी कधी नको म्हणाले नाही. कसं म्हणू? आई आहे माझी. म्हणून ही नोकरी घेतली, बाबा. वाटलं, इथेच राहील ती. तुमच्याजवळ.”

मिस्त्रींना एकदम सगळं उमगलं. कालचा त्यांचा ‘जा’. ती गेली होती, पण जायला तिला दुसरी जागा कुठली होती?

“बेल्ट काढ. उतर खाली.”

“निघत नाही,” ठकी म्हणाली. तिचा श्वास आता तुटक येत होता.

मिस्त्रींनी दार उघडून खटका दाबला, पट्ट्यात बोटं घातली. पट्टा दगडासारखा झाला होता. त्यांना नर्सची आठवण झाली आणि त्यांनी ओढाताण सोडून दिली. अशी बोटं जोराने सुटत नाहीत. त्यांना धरायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

ते धावत आत गेले. टेबलाला जोडलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात एक भंगारातला कॅलिपर अडकवलेला होता. त्यात त्यांनी नवा बोल्ट घातला, पाना लावला, ओढला. टक.

“लागला,” ते मोठ्याने म्हणाले.

 बाहेर ठकी खोकत होती.

“अगं ए, लागला म्हणतोय. बघतेस ना?”

काही नाही. तेव्हा मिस्त्री असं वाक्य बोलले जे त्यांनी उभ्या आयुष्यात, बरोबर लागलेल्या बोल्टाबद्दल, कधी उच्चारलं नव्हतं. “ढिला वाटतोय गं जरा. मला एकट्याला कळत नाहीये. ये, बघ तरी.”

बाहेर गाडीच्या स्प्रिंगा करकरल्या, कुणी उतरल्यावर करकरतात तशा. पट्टा सर्रकन मागे गेल्याचा आवाज आला आणि ठकीने घेतलेला लांब श्वास त्यांना आतपर्यंत ऐकू आला.

“बघू,” त्यांच्या कोपराजवळून ती म्हणाली.

या वेळी ती पलीकडे नव्हती. अगदी लगत होती. पान्याच्या दांड्यावर, त्यांच्या हातापुढे, लाल रंग लागलेलं एक बोट टेकलं होतं. मिस्त्रींनी बोटाच्या पुढे नजर जाऊ दिली नाही.

“अजून थोडा,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी ओढलं. बाहेर गाडीचं दार वाजलं. “बाबा! बाबा, तुम्ही बाहेर या!”

“जा, ठके!” त्यांनी मागे न बघता ओरडून सांगितलं. “फिरून बघू नकोस. जा म्हणतो ना!”

ती बराच वेळ गेली नाही. इंजिन तसंच चालू राहिलं, आणि त्या आवाजात पोरीचं रडणंही होतं. पोरीला निरोप द्यायचा म्हणून मिस्त्रींनी धुतलेला सदरा घातला होता, दोन गोष्टी सांगायच्या म्हणून मनात जुळवून ठेवल्या होत्या. यातलं काहीच होणार नव्हतं. पान्यावरून हात काढायची त्यांची छाती नव्हती. शेवटी गियर पडला, गाडी निघाली. कोपऱ्यावर ब्रेक लागला तो त्यांनी कानांनी ओळखला, कसलाही आवाज नाही, कुरकुर नाही, हवा तसा. मग गाडी वळली आणि लांब जात राहिली.

हातातला बोल्ट आता मऊ लागत होता.

“अहो,” तिने विचारलं, “कोण गेलं?”

मिस्त्रींनी डोळे मिटले.

“कोणी नाही गं,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक होतं.” आणि त्यांनी पाना अजून थोडा ओढला.